कापलेली वायर आणि पक्का जोड

आमच्या मराठी मंडळात माझी ओळख करून देताना लोक जरा अडखळतात. "या वंदनाकाकू. या... काकू, तुम्ही नक्की काय करायचात हो?" डॉक्टर, इंजिनिअर, प्रोफेसर अशा ओळखी अमेरिकेतल्या आमच्या ह्या नेपरव्हिल गावात झटकन उरकतात, माझ्यापाशी आलं की गाडी अडते. मग मीच सांगते, "अगं, तुम्ही आमच्याकडून हौसेनं घेतलेली वस्तू तुमचं घर पेटवू शकते, तरी कृपया घाबरू नये, असं मी लोकांना कळवायचे." समोरची बाई खो खो हसते. तिला वाटतं, काकू फार विनोदी आहेत. विनोद कसला डोंबलाचा, मजकूरच तो असायचा.

घरगुती विजेची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत मी रिकॉलचं काम केलं. टोस्टर, हीटर, मिक्सर, कुकर. कंपनीचं नाव सांगत नाही, निवृत्त होताना तसं कबूल करून घेतलंय त्यांनी. रिकॉल म्हणजे बाजारात गेलेला माल परत बोलावणं. इथला कायदा असा, की आपल्या मालात माणसाला इजा करणारा दोष आहे हे कंपनीला कळलं, की तिनं ताबडतोब सरकारला सांगायचं. ताबडतोब म्हणजे चोवीस तासांत. आता 'कळलं' म्हणजे नेमकं कधी कळलं, यावर आमचे वकील ऋतू बदलेपर्यंत खल करू शकत. इंजिनिअर म्हणायचा, मला केव्हाच कळलं होतं. मार्केटिंगवाला म्हणायचा, मला अजूनही कळलेलं नाही. शेवटी एक दिवस सगळ्यांना एकदम कळायचं आणि मग मला बोलावणं यायचं.

माझं काम नोटीस लिहिण्याचं. त्यात पहिलं वाक्य ठरलेलं, 'कंपनी ही वस्तू स्वेच्छेने परत बोलावत आहे.' सरकारनं कान धरून उभं केलेलं असलं तरी स्वेच्छेनेच. 'पेट घेतो' लिहायचं नाही, 'उष्णतेसंबंधी घटना घडू शकते' असं लिहायचं. आणि एक शब्द तर सक्त मनाई असलेला, सॉरी. हा अमेरिकन माणूस दुकानात तुमच्या ट्रॉलीला त्याची ट्रॉली लागायच्या आधीच सॉरी म्हणतो. दार उघडताना म्हणतो, शिंकताना म्हणतो. पण त्याच्या कंपनीच्या वस्तूनं तुमचा हात भाजला, की त्याची वाचाच बसते. आमचे वकील मला समजवायचे, "वंदना, सॉरी म्हणजे कबुली." एक-दोनदा मी तो शब्द हळूच घुसडून पाहिला. तेवढाच तांबड्या रंगात खोडून मजकूर परत आला.

ग्राहकाचा हक्क मात्र कायद्यानं साफ सांगितलाय. दुरुस्ती, नाहीतर बदली वस्तू, नाहीतर पैसे परत, यांपैकी काहीतरी त्याला फुकट मिळालं पाहिजे. बिल हरवलं असलं तरी चालतं. यात मेहेरबानी काही नाही. तरी नोटीस निघाली की ग्राहकांचे फोन यायचे, तेही मीच घ्यायचे, त्यात काय काय ऐकलं म्हणता! एक आजोबा रागावले, "माझा हीटर चांगला चाललाय, तुम्हाला कशाला परत हवाय? तुम्हालाच वापरायचा असेल!" एका बाईंनी विचारलं, थँक्सगिव्हिंगपर्यंत वापरला तर चालेल का, पाहुणे यायचेत. म्हटलं, बाई, पाहुणे नावडते आहेत का? अर्थात मनात म्हटलं. फोन रेकॉर्ड व्हायचे.

आपली माणसं फोनवर आली की मला लगेच कळायचं. बोलणारा नवरा इंग्रजीत आणि मागून बायको मराठीत. त्यांना काय माहीत या टोकाला कोण बसलंय!

"म्हण, ठिणगी उडाली."

"अगं पण कुठे उडालीय?"

"उडाली असती तर? म्हण ना! नाहीतर देणार नाहीत ते."

मी शांतपणे मराठीत म्हटलं, "ताईंना सांगा, ठिणगी उडाली नसली तरी पूर्ण पैसे मिळतात." पलीकडे कुजबुज झाली. मग हळूच प्रश्न आला, "तुम्ही... पुण्याच्या का?" पुढचं सगळं बोलणं कर्वेनगरवर झालं आणि हीटरचा विषय मलाच परत काढावा लागला. हसू यायचं, पण चीडही यायची. हक्काची गोष्टसुद्धा थाप मारल्याशिवाय मिळेल यावर आपला विश्वासच नाही.

दुसरी आपली खोड म्हणजे वस्तूबरोबर येणारं नोंदणीचं कार्ड न भरणं. "कशाला नाव-पत्ता द्यायचा, उगाच जाहिराती येतात." मग तुमच्या स्वयंपाकघरात काय शिजतंय हे आम्हाला कळावं कसं? आणि तिसरी खोड सगळ्यात मोठी, आपण काही टाकत नाही. चालणारी वस्तू टाकणं म्हणजे पाप. घर बदललं, गाव बदललं, की ती नव्यानं आलेल्या जोडप्याला द्यायची. कढया, खुर्च्या, मिक्सर, पाळणे, सगळं या घरातून त्या घरात फिरत असतं. मला त्याचं कौतुकच आहे. आम्ही आलो तेव्हा आमचाही संसार असाच उभा राहिला. पण रिकॉल झालेली वस्तू विकायला इथे बंदी आहे, अगदी घरासमोर जुनं सामान मांडून विकतात त्या गराज सेलमध्येसुद्धा. मैत्रीखातर फुकट देण्याबद्दल मात्र कायदा फारसं बोलत नाही. कायदा करणाऱ्यांना आपलं मंडळ माहीत नसणार.

म्हणूनच वायर कापायची पद्धत. जड वस्तू पोस्टानं परत मागवणं परवडत नाही. मग ग्राहकाला सांगायचं, प्लग काढा, वायर मधोमध कापा, आणि कापलेल्या वायरचा फोटो पाठवा. फोटो आला की बदली वस्तू रवाना. वायर कापली म्हणजे वस्तू मेली, पुन्हा कुणी वापरणार नाही. ही कल्पना ज्याला सुचली त्यानं आमच्या अरविंदला पाहिलेलं नव्हतं.

अरविंद म्हणजे माझा नवरा. सगळा जन्म वीज कंपनीत इंजिनिअर म्हणून गेला. निवृत्त झाल्यापासून आमच्या बेसमेंटमध्ये त्याचं रुग्णालय चालतं. गावातले सगळे मुके रेडिओ आणि आंधळे दिवे तिथे भरती होतात. माणूस सोन्यासारखा आहे. फक्त काही फेकायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येतं.

माझ्या नोकरीतला शेवटचा मोठा रिकॉल विजेच्या प्रेशर कुकरचा होता. कुकरमध्ये वाफ कोंडलेली असताना झाकण फिरता कामा नये, त्यासाठी झाकणात एक खटका असतो. आमच्या कुकरचा खटका कधी लागायचा, कधी नाही. नाही लागला तर झाकण लोण्यासारखं फिरायचं आणि आतलं उकळतं वरण समोरच्याच्या अंगावर यायचं. माणसं भाजली होती. त्यात हा कुकर आपल्या बायकांच्या हातात. आपण शिट्ट्या मोजणाऱ्या बायका. विजेच्या कुकरला शिट्टीच नाही, मग आत वाफ आहे की नाही हे कळायचं कसं? झाकण जरा फिरवून बघायचं. फिरलं म्हणजे वाफ गेली, असा आपला सरळ हिशोब.

तोच कुकर आमच्याही घरी होता. अरविंदनं वायर कापली, फोटो पाठवला, नवा कुकर आला. विषय संपला. मी निवृत्त झाले.

मग एका संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. बाहेर गुडघाभर बर्फ, आत सगळ्या काळ्या साड्या नेसून तिळगूळ खात बसलेल्या. कुणाची तरी तक्रार चालली होती, की हीटरची वायर तुटली, आता टाकून द्यायला हवा. जिन्यातून अरविंदचा आवाज आला, "टाकू नका हो! मी जोडून देतो. आमच्या त्या कुकरची अशी जोडली होती, की कापली होती हे सांगून पटणार नाही."

हळदीकुंकवाची कोयरी माझ्या हातातच राहिली. "कुठल्या कुकरची?"

"तो गं, तुमच्या कंपनीचा."

"अरविंद, तो कुकर कुठे आहे?"

"निखिल-केतकीला दिला ना. बिचाऱ्यांकडे काहीच नव्हतं." आणि तो अभिमानानं हसला. खरंच अभिमानानं. मला त्या क्षणी त्याचा गळा धरावासा वाटला.

निखिल आणि केतकी आमच्या मागच्या अपार्टमेंटमध्ये राहायचे. पुढे मिनेसोटात, ईडन प्रेरीला गेले. मी तिथल्या तिथे, सगळ्या बायकांसमोर केतकीला फोन लावला. "काकू, तो ना, मी ऋचाला दिला," ती म्हणाली. "माझ्या टीममधली. इथे जवळच राहते. तिला बाळ झालंय, तिची आई आलीये इंडियातून. काकू, शी लव्ह्ज इट! रोज वापरतात." मी नंबर घेतला. तिथेच उभ्या उभ्या फिरवला.

ऋचानं फोन उचलला. मी कोण, कुठली, हे कसंबसं सांगितलं आणि विचारलं, "तो कुकर आत्ता कुठे आहे?"

"चालू आहे काकू. वरण लावलंय आईनं. का?"

"बाळ कुठे आहे?"

"इथेच ओट्याजवळ, बाळाच्या झुलत्या खुर्चीत, बाउन्सरमध्ये."

तेवढ्यात मागून एक खणखणीत आवाज आला, "ऋचा, झालं गं, उघडते मी."

"उघडू नका!" मी अशी किंचाळले की आमच्या दिवाणखान्यातल्या सगळ्या जणी उठून उभ्या राहिल्या. "ऋचा, आईचा हात धर! झाकणाला हात लावू देऊ नकोस! प्लग काढ, बाळाला उचल आणि सगळे स्वयंपाकघराबाहेर व्हा!"

पलीकडे धावपळ ऐकू आली, बाळ रडायला लागलं, काहीतरी पडलं. मग तो खणखणीत आवाज फोनवर आला, "मी शैला बोलतेय, ऋचाची आई. काय झालं हो ताई? वरण आत आहे की!"

"राहू द्या वरण. पूर्ण गार होईपर्यंत त्याच्याजवळ फिरकू नका."

"मग जेवायचं काय?"

"पिझ्झा मागवा!" मी ओरडले. एवढ्या आणीबाणीत बाईंना वरणाची काळजी. मग मी खाली बसले आणि रडले. आमच्या मंडळातल्या बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा माझं काम काय होतं ते समजून घेतलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडी काढली. ऋचाला 'फेकून दे' म्हणून सांगता आलं असतं. पण मला आपली माणसं ठाऊक आहेत. तो कुकर गराजमध्ये गेला असता आणि बर्फ वितळल्यावर आणखी कुणाचा तरी संसार त्यानं सुरू झाला असता. आमचा बदली आलेला नवा कुकर मी मागच्या सीटवर ठेवला, त्याला सीटबेल्टही लावला. वाटेतलं सगळं विस्कॉन्सिन राज्य पांढरंफटक. अरविंद नुसती गाडी चालवत होता.

"वंदू, मला एक कळत नाही," शेवटी तो म्हणाला. "वायर कापायला सांगितलीत, म्हणजे दोष वायरमध्ये असणार, असं मी धरलं. मी सोल्डर केली, वर प्लॅस्टिकची स्लीव्ह चढवली, टेप लावली. दोष गेला. मग मी देताना काय चूक केली?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "अरे, दोष झाकणात होता! वायर ठणठणीत होती. त्या अख्ख्या कुकरमध्ये जो एक भाग चांगला होता, तोच तू दुरुस्त केलास."

"मग चांगली वायर कापायला कशाला लावलीत?"

"तुझ्यासारख्यांनी वापरू नये म्हणून!"

"तसं लिहायचं ना मग."

"लिहिलं होतं. दुसऱ्या परिच्छेदात."

"पहिल्यात काय होतं?"

पहिल्यात 'स्वेच्छेने' होतं, ग्राहकांच्या विश्वासाबद्दल आभार होते, आमच्या उच्च दर्जाच्या परंपरेबद्दल दोन ओळी होत्या. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत जाणारा माणूस मला अजून भेटायचाय. घरातलाच गेला नव्हता, बाहेरच्याची काय कथा!

ऋचाचं घर उबदार होतं. हीटिंग इतकं की मी स्वेटर काढला, अरविंदनं जॅकेट काढलं. शैलाताई मात्र साडीवर लांब बाह्यांचा स्वेटर घालून कपाळाचा घाम पुसत होत्या. ठेंगण्या, हसऱ्या, जळगावच्या. शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. मुलीच्या बाळंतपणासाठी एकट्या एवढ्या लांब आलेल्या. कुकर ओट्यावर तसाच होता, झाकण लावलेलं, आत कालचं वरण. ऋचाचा नवरा सौरभ त्याच्यापासून चार हात लांब उभा होता, जणू तो उडी मारणार होता.

मी खटका तपासायला घेतला. शैलाताई चहा टाकायला वळल्या आणि दुधाचं पातेलं घासायला त्यांनी सवयीनं उजवी बाही वर सरकवली. लगेच खाली ओढली. पण मी पाहिलं होतं. सगळ्या नोकरीत असे फोटो बघितलेत मी. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी तांबूस, चकाकती, ताणलेली.

"शैलाताई, हे कधी झालं?"

"काही नाही हो, तेल उडालं होतं." त्यांनी ऋचाकडे बघायचं टाळलं.

"तेल असं उडत नाही. झाकण फिरलं ना? कुकरचं?"

"आई?" ऋचाचा आवाज चिरकला. "आई, तू म्हणालीस ओव्हनचा चटका बसला. ओव्हन की तेल? दाखव मला!"

मग त्यांनी सांगितलं. ऋचा बाळंतपणासाठी हॉस्पिटलमध्ये होती, सौरभ तिच्याजवळ. ह्या घरात एकट्या. डिंकाचे लाडू झाले होते, लेक घरी यायची म्हणून मुगाचं वरण लावलं. शिट्टी काही होईना. झाकण फिरवून पाहिलं तर सहज फिरलं. हात नळाखाली धरून किती वेळ उभ्या होत्या, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. मग ओटा पुसला, छतावरचं वरण पुसलं, हाताला हळद-तूप लावलं, स्वेटर घातला आणि नव्यानं वरण लावलं. त्याच कुकरमध्ये.

"आई, का नाही सांगितलंस गं?" ऋचा रडत होती.

"तुझं पहिलं बाळ. त्यात इथला डॉक्टर केवढ्याला पडतो म्हणे, माझा इन्शुरन्स तो कसला तात्पुरता. आणि मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. अमेरिकेतली वस्तू, ती कशी बिघडलेली असेल? मलाच वापरता येत नसेल."

मला इतका संताप आला की काय सांगू. कुणावर, ते धड कळेना. कंपनीवर तर होताच. त्या छापील 'स्वेच्छेने'वर होता. भाजलेला हात लपवून लेकीचे कपडे धुणाऱ्या ह्या बाईवरसुद्धा होता. आम्ही सरकारला किती माणसं भाजली ते कळवायचो, वकील त्यातली एकेक गाळायला बघायचे, आणि इथे ही बाई स्वतःच स्वतःला गाळून बसली होती.

"तक्रार करायची," मी म्हटलं. "आत्ता, इथे बसून. कंपनीकडे आणि सरकारकडेही." इथे सरकारचं एक संकेतस्थळ आहे, वस्तूनं इजा झाली तर कुणीही तिथे लिहावं. नागरिकच असावं लागतं असं नाही. ऋचानं लॅपटॉप आणला. मी सांगत गेले, ती भरत गेली. शैलाताई "अहो कशाला, जाऊ दे ना" म्हणत सगळ्यांना चहा देत होत्या.

मग तो प्रश्न आला. मला माहीत होतं तो येणार. 'वस्तूमध्ये काही बदल किंवा दुरुस्ती केली होती का?' कंपनीत तो आमचा लाडका प्रश्न. समोरच्यानं हो म्हटलं, की वकिलांना आनंदाचं भरतं यायचं.

ऋचा थांबली. सौरभ हळूच म्हणाला, "काकू, 'नो' टाकू ना. कोणाला कळणार आहे? कुकर आपल्याकडेच आहे. काका ती टेप काढतील, फ्रेश कट दाखवता येईल, सिंपल."

मी अरविंदकडे पाहिलं. खोटं सांगते कशाला, माझ्याही मनात तेच आलं होतं. टेबलाच्या कडेला तो बसला होता, हातात चहाचा कप, आणि शैलाताईंच्या हाताकडे बघत होता. त्या कुकरचं प्रकरण निघाल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर अभिमान नव्हता.

"हो लिही," तो म्हणाला. "माझं नाव लिही. अरविंदनं वायर जोडली. कधी, कशी, सगळं सांगतो."

"अरे, त्यांना आयतं कोलीत मिळेल," मी म्हटलं. "झाकणाचा आणि वायरचा संबंध नाही हे त्यांना चांगलं ठाऊक आहे, तरी ते हेच धरून बसतील."

"बसू देत. ह्यांचा हात खरा भाजलाय ना? मग खऱ्या गोष्टीला खोट्याचं ठिगळ कशाला लावायचं?" मग तो उठला, शैलाताईंसमोर उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "ताई, माझं चुकलं. मी न वाचता दिला. मला माफ करा."

शैलाताई एकदम अवघडून गेल्या. हात हलवत म्हणाल्या, "अहो भाऊजी, असं काय करता! तुमचा काय दोष? उलट तुमचा जोड फार पक्का हो. झाकण उडालं, कुकर खाली आपटला, सगळं वरण छताला लागलं, पण तुमची वायर काही सुटली नाही."

बाईंनी मनापासून कौतुक केलं होतं. अरविंदला ते कुठे लागलं असेल हे मला दिसलं. त्यानं खिशातून पक्कड काढली, आपल्याच जोडावर धरली आणि कापली. मग आणखी एकदा, मुळाशी. झाकणाचा खटका काढून वाकवला. इतकी वर्षं ह्या माणसाला काही फेकताना मी पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी तो स्वतः बर्फातून कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेला.

नवा कुकर मी ओट्यावर ठेवला, त्याचं नोंदणीचं कार्ड ऋचाकडून तिथेच भरून घेतलं. "शिट्टी होते का याला?" शैलाताईंनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी सौरभ इंडियन दुकानातून साधा, गॅसवरचा, शिट्टीवाला कुकर घेऊन आला आणि आमचा नवाकोरा कुकर कपाटात गेला. कधी कुणाला द्यायचा झाला तर मला विचारल्याशिवाय द्यायचा नाही, असं मी ऋचाकडून कबूल करून घेतलंय.

सरकारच्या यादीत शैलाताईंची घटना लागली. ही एक भाजलेली बाई आता कुणाला गाळता येणार नाही, एवढं तरी झालं. कंपनीचं उत्तरही आलं. माझ्या जागी जी मुलगी बसते, तिला मीच तयार केलंय. मजकूर वाचताना प्रत्येक शब्द ओळखीचा. 'आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तथापि वस्तूमध्ये अनधिकृत बदल केल्याचे आपण नमूद केल्यामुळे...' पोरगी हुशार आहे, एक स्वल्पविराम चुकलेला नाही. मी त्यावर अपील टाकलंय, खटक्याची सगळी माहिती मला पाठ आहे. बघू काय म्हणतात. सोडणार तर नाही.

परवा शैलाताईंचा जळगावहून फोन आला. नात रांगायला लागली, हाताला आता खाज येत नाही, असं सगळं सांगून झालं. मग म्हणाल्या, "ताई, त्या कंपनीचं उत्तर आलं म्हणे. काय म्हणाले?"

"तुमचा अनुभव महत्त्वाचा आहे म्हणाले."

"बरं. आणि चुकलं म्हणाले का?"

"नाही."

त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी तर लगेच म्हणाले होते."